हरलेला डाव पुन्हां मांडावा

आमच्या घरीं दिवेलागण होऊन शुभंकरोति आटोपली, कीं नातवंडें बुद्धिबळाचा पट मांडून बसतात. घर एकत्र कुटुंबाचें असल्यामुळें प्रेक्षकांची वानवा नसते. धाकटा नातू हरला, कीं रागानें मोहरे उधळून देतो आणि नवा डाव मांडावयास सांगतो. त्याची चुलत बहीण निराळ्या स्वभावाची आहे. ती हरली म्हणजे पटाला कोणास हात लावूं देत नाहीं. "आजोबा, माझा उंट कोठें चुकला तें मला पाहूं द्या," म्हणून एकेक खेळी मागें नेत बसते. पस्तीस वर्षें मास्तरकी केल्यावर आम्हांस इतकें निश्चयानें सांगतां येतें, कीं वर्षअखेर या दोघांत कोण पुढें जाईल याविषयीं शंका बाळगण्याचें कारण नाहीं.

अनुभवासारखा गुरु नाहीं, असें आपण सर्वच म्हणतों. जन्मभर गुरुपदाचा धंदा केलेल्या माणसानें या म्हणण्याविरुद्ध थोडी तक्रार केली, तर वाचकांनीं क्षमा करावी. अनुभव हा गुरु खरा. पण तो धडा समजावून सांगत नाहीं, आणि शुल्क मात्र आधीं घेतो. समुद्रावरील युद्धांत तें शुल्क माणसांच्या प्राणांनीं भरावें लागतें. इतकें देऊनहि धडा पदरांत पडेलच असें नाहीं. युद्धाच्या अनुभवांतून आरमारी डावपेच कसे घडतात, आणि कधीं कधीं घडतां घडतां कसे राहून जातात, याचें एक चांगलें उदाहरण विसाव्या शतकांतील दोन महायुद्धांत सांपडतें. पाणबुड्यांपासून व्यापारी जहाजांचें रक्षण कसें करावें, हा तो प्रश्न होय. त्याची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

या विषयाकडे आमचें लक्ष प्रथम वेधलें तें लहानपणीं. आमचें आजोळ रत्नागिरी जिल्ह्यांत एका खाडीच्या कांठीं. तेथील मोहल्ल्यांत एक वृद्ध मुसलमान खलाशी राहत असत. ऐन तारुण्यांत ते मुंबईहून विलायती बोटीवर चढले होते, आणि दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं अटलांटिक महासागर अनेक वेळां ओलांडला होता. आम्ही मुलें त्यांस चाचा म्हणत असूं. रात्रीं डेकवर विडी ओढण्याचीहि बंदी कशी असे, चाळीस चाळीस जहाजें दिव्यांवांचून काळोखांत रांगा धरून कशीं चालत, हें ते मोठें रंगवून सांगत. एकदां मात्र ते मध्येंच थांबले. शेजारच्या रांगेंतील जहाज टॉर्पेडो लागून पेटलें होतें, पाण्यांत पडलेलीं माणसें हांका मारीत होतीं. "आणि आमची बोट थांबली नाय, बाळांनो. हुकूमच तसा होता." एवढें बोलून ते उठून गेले. असा हुकूम कां असावा, हें त्या वयांत आम्हांस कळलें नाहीं. पुढें वाचनानें कळलें. आणि त्या एका हुकुमामागें केवढा इतिहास आहे, हेंहि कळलें.

त्या इतिहासाचा आरंभ १९१७ सालीं होतो. पहिलें महायुद्ध सुरू असतां १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीनें इंग्लंडकडे जाणाऱ्या जहाजांवर पूर्वसूचना न देतां पाणबुड्यांकडून हल्ले करण्याचें धोरण स्वीकारलें. इंग्लंड हें बेट. धान्य, तेल, लोखंड बव्हंशीं समुद्रावरून यावयाचें. त्या वर्षीं एकट्या एप्रिल महिन्यांत साडेआठ लाख टनांहून अधिक भाराचीं जहाजें बुडालीं. ब्रिटिश बंदरांतून दूरच्या सफरीस निघालेल्या दर चार जहाजांपैकीं एक परत येईनासें झालें. हा क्रम असाच चालला, तर युद्ध पुढें चालविणें अशक्य होईल, असें आरमाराचे प्रमुख ॲडमिरल जेलिको यांचेंहि मत झालें होतें.

यावर उपाय नवा नव्हता. जहाजांनीं एकेकटें न जातां काफिला करून, लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यांत जावें, हा मार्ग शिडांच्या काळांत, नेपोलियनबरोबरच्या युद्धांत, इंग्लंडनें वापरलेला होता. परंतु आगबोटींच्या युगांत तो कालबाह्य झाला, अशी आरमारी अधिकाऱ्यांची समजूत होती. व्यापारी कप्तानांस रांग धरून चालतां येणार नाहीं, एकदम आलेल्या जहाजांनीं बंदरें तुंबतील, एकत्र आलेलीं जहाजें शत्रूस आयतींच सांपडतील, असे आक्षेप निघत. सर्वांत मोठा आक्षेप आंकड्यांचा होता. ब्रिटिश बंदरांत दर आठवड्यास अडीच हजार जहाजें येतात व तितकींच जातात, असें प्रसिद्ध होत असे. एवढ्या जहाजांस पहारेकरी आणावे कोठून?

रेजिनाल्ड हेंडर्सन नांवाच्या एका आरमारी अधिकाऱ्यानें जहाजवाहतूक खात्यांत जाऊन हे आंकडे तपासले. तेव्हां असें आढळलें, कीं किनाऱ्याकिनाऱ्यानें फिरणारीं लहानसहान गलबतेंहि त्या गणतींत धरलेलीं होतीं. महासागर ओलांडणारीं खरीं जहाजें दिवसास सुमारें वीस येत व वीस जात. जगास धीर वाटावा म्हणून फुगवून छापलेल्या आंकड्यांना छापणारे स्वतःच भ्याले होते! तिकडे फ्रान्सला कोळसा नेणाऱ्या जहाजांनीं पहाऱ्यांत जाण्यास त्याच वर्षीं प्रारंभ केला होता, आणि त्यांची हानि नांवापुरतीच होत होती. म्हणजे अनुभव दाराशीं येऊन उभा होता; त्याला आंत घेणारा कोणी नव्हता. अखेर १० मे १९१७ रोजीं जिब्राल्टरहून पहिला प्रायोगिक काफिला निघाला व एकहि जहाज न गमावतां इंग्लंडास पोंचला. पुढें महासागरावरील काफिल्यांची हानि शेंकडा एकाहूनहि कमी राहिली.

काफिल्यानें जहाजें कां वांचतात, हें समजून घेण्यासारखें आहे. पाणबुडीची दृष्टि फार थोड्या अंतरापर्यंत पोंचते. चाळीस जहाजें सुटीं सुटीं निघालीं, तर तीं शत्रूस चाळीस ठिकाणीं भेटूं शकतात. तींच एकत्र निघालीं, तर चाळीसांऐवजीं एकच ठिकाण होतें. बाकीचा सारा महासागर पाणबुडीस ओसाड दिसतो. आणि काफिला दिसलाच, तरी शिकारीसाठीं तिला पहारेकऱ्यांच्या जवळच यावें लागतें. शत्रूस समुद्रभर हुडकीत फिरण्यापेक्षां जेथें तो येणारच तेथें दबा धरावा, हा यांतील मुख्य तत्त्वार्थ होय.

पहिलें महायुद्ध संपलें तेव्हां हा धडा दोघांनीं घेतला, परंतु दोन तऱ्हांनीं. ऑक्टोबर १९१८ मध्यें भूमध्य समुद्रांत एका जर्मन पाणबुडीच्या तरुण कप्तानानें ब्रिटिश काफिल्यावर हल्ला केला, पाणबुडी गमावली आणि तो कैद झाला. त्याचें नांव कार्ल डोनिट्झ. या पराभवाचा त्यानें पुष्कळ विचार केला. एकटी पाणबुडी काफिल्यापुढें दुबळी ठरते, तर पाणबुड्यांनींहि कळप करून यावें; आणि पाण्याखालून न येतां, रात्रीच्या काळोखांत पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत यावें, म्हणजे वेग दुपटीहून अधिक राहतो, असा निष्कर्ष त्यानें काढला. १९३५ सालीं जर्मनीच्या नव्या पाणबुडीदलाचें आधिपत्य त्याच्याकडे आलें, तेव्हां आपल्या हरलेल्या डावाचीं टिपणें त्याच्या डोक्यांत तयार होतीं.

विजयी पक्षाची गोष्ट वेगळी. इंग्लंडपाशीं ॲस्डिक नांवाचें नवें यंत्र आलें होतें. पाण्यांत ध्वनीचा ठोका सोडावयाचा आणि प्रतिध्वनीवरून बुडलेल्या पाणबुडीचा ठाव घ्यावयाचा, अशी त्याची रचना. आतां पाणबुडीचें भय कायमचें गेलें, असें आरमारांत मानलें जाऊं लागलें. पृष्ठभागावर तरंगणारी पाणबुडी या यंत्रास नीटशी कळत नाहीं, आणि रात्रीचे असे हल्ले मागील युद्धांत झाले होते, या दोन गोष्टी जोडून पाहण्याची कोणास निकड वाटली नाहीं. जिंकलेला डाव पुन्हां मांडून पाहण्याची हौस कोणास असते?

सप्टेंबर १९३९ मध्यें दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां इंग्लंडनें काफिले ताबडतोब सुरू केले. एवढा धडा शिल्लक होता. पण त्याचें मर्म विसरलें गेलें होतें. पाणबुड्या हुडकण्यासाठीं विमानवाहू जहाजांस समुद्रावर धाडण्यांत आलें. त्यांतील 'करेजस' हें जहाज १७ सप्टेंबर रोजीं एका पाणबुडीनेंच बुडविलें व पांचशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. शिकार करावयास गेलेला स्वतःच शिकार झाला. पुढें जून १९४० मध्यें फ्रान्स पडलें, अटलांटिकच्या कांठचीं फ्रेंच बंदरें डोनिट्झच्या हातीं आलीं, आणि त्याचे कळप महासागरांत उतरले.

ऑक्टोबर १९४० मधील 'एस्. सी. ७' या काफिल्याची कथा ऐकली, म्हणजे त्या दिवसांची कल्पना येते. कॅनडाहून पस्तीस मंद जहाजें निघालीं. पहाऱ्याचीं जहाजें वाटेंत एकेक येऊन मिळालेलीं. त्यांच्या कप्तानांनीं एकत्र काम केलेलें नाहीं, हल्ला झाल्यास कोणीं काय करावें याचा ठराव नाहीं. पाणबुड्यांनीं वीस जहाजें बुडविलीं. पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या एका काफिल्याचीं आणखी बारा गेलीं. पहारेकरी बाहेरच्या काळोखांत शत्रूस शोधीत, बुडणाऱ्यांस उचलावयास थांबत, तोंवर पलीकडच्या बाजूस दुसरा स्फोट होई.

यानंतर सुधारणा होऊं लागल्या. पहाऱ्याचीं जहाजें एकाच नायकाखालीं, कायमच्या गटांत बांधण्यांत आलीं. कारण अनोळखी माणसांचा जमाव म्हणजे पथक नव्हे. नव्या जहाजांस स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर टोबरमोरी येथें एका वृद्ध निवृत्त व्हाइस ॲडमिरलच्या हाताखालीं कठोर कवायत मिळूं लागली. रडार आलें, १७ मार्च १९४१ च्या रात्रीं 'व्हॅनॉक' या विनाशिकेनें पृष्ठभागावरील पाणबुडी रडारनें हेरून धडक देऊन बुडविली, आणि त्याच रात्रीं क्रेट्श्मर हा जर्मनीचा सर्वांत यशस्वी पाणबुडीकप्तान जिवंत पकडला गेला. जानेवारी १९४१ पासून काफिल्याच्या शेपटाला खास बचाव-जहाजें ठेवण्यास आरंभ झाला. बुडणाऱ्यांसाठीं वाटेंत थांबणारें जहाज स्वतःच पुढचें भक्ष्य होतें, आणि रांग मोडली कीं मागची सगळीं जहाजें घोटाळतात, हें पुष्कळ जीव गमावून कळलें होतें. म्हणून व्यापारी जहाजांस थांबण्याची मनाई; उचलण्याचें काम मागून येणाऱ्या बचाव-जहाजाचें. या जहाजांनीं युद्ध संपेपर्यंत चार हजारांहून अधिक माणसें पाण्यांतून काढलीं. चाचांच्या बोटीस मिळालेल्या हुकुमाचें कारण हें असें होतें. नियम दयेपोटींच झाला होता. पण तो पाळणाऱ्यास जन्मभर ती हांक ऐकूं येत राहावी, यांत नवल नाहीं.

एवढें झालें तरी एक कोडें सुटलें नव्हतें. हल्ला होई, जहाज बुडे, आणि पाणबुडी नाहींशी होई. ती येते कोठून व जाते कोठें? जो तो कप्तान आपापल्या अनुभवावरून आपापला डाव खेळे. तेव्हां जानेवारी १९४२ मध्यें लिव्हरपूल येथें, जेथून अटलांटिकच्या सर्व काफिल्यांची सूत्रें हलत त्या डर्बी हाउसच्या वरच्या मजल्यावर, एक विलक्षण पाठशाळा उघडण्यांत आली. तिचें नांव वेस्टर्न ॲप्रोचेस टॅक्टिकल युनिट. मुख्याध्यापक होते कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स. क्षयानें प्रकृति ढासळल्यामुळें १९३८ सालीं त्यांस आरमारांतून घरीं बसविलें होतें. समुद्रावर जाण्यास निरुपयोगी ठरलेल्या या गृहस्थानें जमिनीवर बसून जें केलें, तें अनेक लढाऊ जहाजांस साधलें नसतें.

पाठशाळेंत शिक्षकवर्ग म्हणून आरमाराच्या स्त्रीपथकांतील मुली होत्या. पुष्कळशा विशीच्या आंतबाहेरच्या. खोलीच्या मध्यभागीं लिनोलियमच्या जमिनीवर चौकटी आंखलेल्या, तो महासागर. त्यावर जहाजांच्या लहान लहान प्रतिकृति. सभोंवार पडदे लावलेले, त्यांना फटी. शिकावयास आलेला कप्तान पडद्याआड उभा राही, आणि आपल्या जहाजावरून काळोख्या रात्रीं जेवढें दिसलें असतें तेवढेंच त्यास फटींतून दिसे. प्रत्येक खेळी म्हणजे दोन मिनिटें. जहाजांच्या वाटा पांढऱ्या खडूनें काढीत; पाणबुडीची वाट हिरव्या खडूनें, म्हणजे पडद्याआडून ती उमटून दिसत नसे. डाव संपला, कीं पडदे बाजूला होत. मग सारी जमीन एकदम डोळ्यांपुढें येई, आणि आपली चूक ज्याची त्यास कळे. रागें भरावें लागत नसे. फळ्यावरचें उदाहरण विद्यार्थ्यानें स्वतः पुसून पुन्हां करावें, तसाच तो प्रकार.

रॉबर्ट्सनीं समुद्रावरून परतलेल्या कप्तानांस खोदून खोदून प्रश्न केले. त्यांपैकीं प्रत्येकास लढाईचा एकेक तुकडा ठाऊक होता, पूर्ण लढाई कोणासच नव्हती. डिसेंबर १९४१ मध्यें जिब्राल्टरहून निघालेल्या 'एच्. जी. ७६' या काफिल्याची लढाई त्यांनीं जमिनीवर मांडली. त्या काफिल्याचे रक्षक कमांडर वॉकर यांचा डाव असा होता, कीं जहाज बुडतांच सर्व पहारेकऱ्यांनीं बाहेरच्या बाजूस वळून प्रकाशगोळे सोडावे. पण टॉर्पेडोची दिशा आणि पल्ला मोजून पाहतां रॉबर्ट्स व त्यांच्या मुलींना आढळलें, कीं बाहेरून मारा होणेंच शक्य नव्हतें. पाणबुडी बाहेर नव्हती. ती काफिल्याच्या आंत होती!

मग कोडें उलगडलें. काफिला ताशीं सात-आठ सागरी मैल चाले. पृष्ठभागावरील पाणबुडी सतरा. पहारेकऱ्यांचें सारें लक्ष पुढें व बाजूंस. ती मागून, जेथें क्वचितच कोणी पाही तेथून, रांगांमध्यें शिरे, जवळून मारा करी, मग बुडी मारून स्वस्थ राही आणि काफिला डोक्यावरून निघून जाऊं देई. अभिमन्यूस चक्रव्यूहांत शिरतां येई, बाहेर पडतां येत नसे. या पाणबुडीस दोन्ही विद्या साधल्या होत्या. पहारेकरी बाहेर धांवत, तेव्हां ते तिच्यापासून दूरच जात. यावर नवा डाव बसविण्यांत आला: हल्ला होतांच पहारेकऱ्यांनीं पिछाडीकडे यावें आणि ॲस्डिकनें तेथील पाण्याचा पद्धतशीर झाडा घ्यावा. जीन लेडलॉ नांवाच्या मुलीनें त्याला 'रास्पबेरी' हें नांव सुचविलें. इंग्रजी बोलींत तोंडानें आवाज काढून वेडावून दाखविण्यास तो शब्द आहे. हें वेडावणें अर्थात् हिटलरला होतें. सेनापति ॲडमिरल नोबल प्रथम साशंक होते, परंतु जमिनीवरील प्रयोग पाहून त्यांनीं तो डाव सर्व जहाजांस लागू केला. मागाहून आणखी कित्येक डाव बसविण्यांत आले.

संस्कृताच्या अभ्यासकास येथें आपल्या शास्त्रकारांच्या पद्धतीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पूर्वपक्ष मांडतांना तो इतक्या प्रामाणिकपणें मांडावा, कीं प्रतिवादीनेंहि मान डोलवावी. तरच उत्तरपक्षास कांहीं किंमत. लिव्हरपूलच्या त्या मुली पाणबुडीचा पूर्वपक्ष चालवीत, आणि तो फार समर्थपणें चालवीत. १९४२ च्या नोव्हेंबरांत नोबल यांच्या जागीं आलेले ॲडमिरल मॅक्स हॉर्टन हे स्वतः पहिल्या महायुद्धांतील नामांकित पाणबुडीकप्तान. त्यांनीं या खेळांत पाणबुडीची बाजू घेतली, आणि जॅनेट ओकेल नांवाच्या विशीतील मुलीनें त्यांस पांच वेळां बुडविलें, असें सांगतात. आमच्या भगिनीवाचकांस ही गोष्ट आवडेल. युद्ध संपेपर्यंत सुमारें पांच हजार अधिकारी या पाठशाळेंतून शिकून गेले. दाढीमिशा पिकलेले कप्तान मुलींकडून धडा घेण्यास कचरले असते, तर तो धडा त्यांना समुद्रानें दिला असता.

दुसऱ्याचा अनुभव मात्र वारसाहक्कानें मिळत नाहीं, याचें प्रत्यंतर त्याच सुमारास आलें. अमेरिका युद्धांत उतरतांच जानेवारी १९४२ पासून जर्मन पाणबुड्या तिच्या पूर्व किनाऱ्यावर गेल्या. इंग्लंडचा अडीच वर्षांचा अनुभव समोर असतांहि तेथें काफिले नव्हते, आणि किनाऱ्यावरील शहरांचे दिवे झगझगत होते. त्या उजेडावर जहाजांच्या आकृति उठून दिसत. अर्ध्या वर्षांत शेंकडों जहाजें गेलीं. मे महिन्यांत किनारी काफिले सुरू झाल्यावर तेथील हानि ओसरली.

अनुभवाला गणिताची जोड मिळाली, म्हणजे काय होतें याचेंहि एक उदाहरण देतों. पुढें नोबेल पारितोषिक मिळविणारे शास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट आरमाराच्या कचेरींत बसून झालेल्या लढायांचे आंकडे चाळीत. त्यांस असें आढळलें, कीं काफिला लहान असो वा मोठा, दर हल्ल्यांत बुडणाऱ्या जहाजांची संख्या जवळजवळ सारखीच राहते. मग मोठे काफिले अधिक सुरक्षित! शाळेंतील मुलांसहि याचें कारण पटेल. चार ओळींत चार चार अशीं सोळा जहाजें मांडा, आणि आठ ओळींत आठ आठ अशीं चौसष्ट मांडा. जहाजें चौपट झालीं, पण राखावयाचा परिघ सुमारें दुप्पटच झाला. आरमारी परंपरा मोठ्या काफिल्यास भीत होती. आंकड्यांनीं ती भीति खोटी ठरविली. १९४४ च्या उन्हाळ्यांत दीडशेंहून अधिक जहाजांचा एक काफिला अटलांटिक सुखरूप ओलांडून गेला.

या सर्व शिक्षणाची परीक्षा १९४३ च्या वसंतांत झाली. मार्चमध्यें हानि पुन्हां भयंकर वाढली. एप्रिलच्या अखेरीस 'ओ. एन्. एस्. ५' हा काफिला इंग्लंडहून निघाला. वादळें अशीं, कीं समुद्रावर तेल भरून घेणें अशक्य झालें, आणि पथकाचे नायक कमांडर ग्रेटन यांस इंधनाअभावीं ऐन लढाईपूर्वीं निघून जावें लागलें. समोर चाळीसच्या आसपास पाणबुड्या. सूत्रें शेरवुड या दुय्यम अधिकाऱ्याच्या हातीं आलीं. ते मूळचे व्यापारी जहाजांवरले. १९४० सालीं अशा प्रसंगीं सर्वनाश झाला असता. परंतु आतां प्रत्येक कप्तानास कोणता शब्द आला असतां काय करावयाचें तें ठाऊक होतें. काफिल्यानें तेरा जहाजें गमावलीं. पण धुक्याच्या रात्रीं रडारच्या साह्यानें पहारेकऱ्यांनीं आघाडी घेतली, आणि सहा पाणबुड्या बुडाल्या. त्या मे महिन्यांत जर्मनीच्या एकंदर एकेचाळीस पाणबुड्या नष्ट झाल्या. एकींत डोनिट्झचा धाकटा मुलगा होता. २४ मे रोजीं डोनिट्झनें आपले कळप उत्तर अटलांटिकमधून मागें घेतले.

हें सर्व एकट्या डावपेचांनीं झालें, असें म्हणणें खरेपणास सोडून होईल. सुधारलेलें रडार, दूर पल्ल्याचीं विमानें, शत्रूच्या गुप्त लिपीची उकल, अमेरिकन कारखान्यांतून निघालेलीं असंख्य जहाजें, हीं सर्व कारणें त्यांत आहेत. परंतु साधन हातीं आलें, तरी तें केव्हां, कोठें व कोणाच्या जोडीनें वापरावें हें शिकविणारी शाळा लागतेच. जर्मन पक्षाकडे शौर्य कमी नव्हतें; त्यांच्या सुमारें चाळीस हजार पाणबुडी-खलाशांपैकीं अठ्ठावीस हजारांहून अधिक परतले नाहींत. पण जी पाणबुडी बुडाली, तिचा अनुभवहि तिच्याबरोबर बुडाला. परतले ते बहुधा सुदैवी. त्यांच्या अहवालांवरून चूक कोठें झाली तें कळणें कठीण. शिवाय आपली गुप्त लिपि फुटणें शक्य नाहीं, असा त्यांच्या वरिष्ठांचा ग्रह होता. ज्या डोनिट्झनें आपल्या पराभवापासून एवढें शिक्षण घेतलें, त्याच्याच कचेरींत अप्रिय शंका पुरत्या तडीस गेल्या नाहींत.

या हकीकतींत आपलाहि वांटा आहे, तो विसरूं नये. काफिल्याच्या रक्षणाची हीच विद्या हिंदी आरमारानें आपल्या समुद्रांत वापरली. फेब्रुवारी १९४४ मध्यें 'जमना' हिनें दोन ऑस्ट्रेलियन जहाजांच्या साह्यानें बंगालच्या उपसागरांत एक जपानी पाणबुडी बुडविली. त्याच वर्षीं ऑगस्टांत 'गोदावरी' हिनें एका ब्रिटिश जहाजाबरोबर हिंदी महासागरांत एक जर्मन पाणबुडी बुडविली. आणि व्यापारी जहाजांच्या भट्टीपाशीं, डेकवर व भटारखान्यांत कोंकणचे, गोव्याचे, बंगालचे खलाशी होते. त्या युद्धांत प्राणांस मुकलेल्या हिंदी व्यापारी खलाशांची संख्या सहा हजारांच्या घरांत जाते. त्यांचें स्मारक मुंबईंत मशीद बंदराजवळ खलाशांच्या वसतिगृहांत आहे. डावपेचांच्या ग्रंथांत त्यांचीं नांवें नाहींत. परंतु त्या ग्रंथांचें शुल्क त्यांनींच भरलें आहे. एकेका नियमामागें असें एखादें जहाज आणि अशी एखादी काळोखांतील हांक आहे.

म्हणून आम्हांस वाटतें, कीं चूक होणें हा मोठा अपराध नव्हे. चुकीचा पट उधळून देणें हा अपराध होय; कारण विसरलेला धडा पुन्हां शिकावयाचा झाला, म्हणजे तेंच शुल्क पुन्हां भरावें लागतें, आणि बहुधा तें दुसऱ्याच कोणाला तरी भरावें लागतें. काल रात्रीं ही सर्व हकीकत आम्हीं नातवंडांस सांगितली. धाकटा नातू कांहीं बोलला नाहीं. आज संध्याकाळीं तो पुन्हां हरला. त्याचा हात मोहऱ्यांकडे गेला, क्षणभर थांबला, आणि मग हळूच बहिणीस म्हणाला, "ताई, मागची खेळी कोणती होती गं?"